मेइजी जिंगू: टोकियोच्या मध्यावर लावलेलं रान

आजचा भाग शक्यतो इअरफोन लावून ऐका, कारण सुरुवातीचा आवाज मी मुद्दाम कापलेला नाही.

[खडीवरून चालण्याचा आवाज, लांबून कावळे]

ऐकलंत? हा आवाज मी जिथे रेकॉर्ड केला, तिथून हाराजुकू स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर आहे. हाराजुकू म्हणजे रंगीत केसांची पोरं, क्रेपच्या गाड्या आणि ताकेशिता गल्लीतली मुंगीलाही वाट न मिळणारी गर्दी. स्टेशनच्या त्या बाजूला हे सगळं, आणि या बाजूला सुमारे ७० हेक्टरचं दाट, ओलसर, हिरवंगार रान. रानाच्या मध्यावर मेइजी जिंगू हे शिंतो देवस्थान. जिंगू म्हणजे मोठं, राजघराण्याशी नातं असलेलं देवस्थान.

इथे पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, की टोकियो चहूबाजूंनी वाढत गेलं आणि जंगलाचा हा तुकडा देवाच्या धाकानं कसाबसा वाचला. प्रत्यक्षात उलटं आहे. टोकियो आधी होतं, जंगल नंतर आलं. ही झाडं माणसांनी लावली, तीसुद्धा जेमतेम शंभर वर्षांपूर्वी. आणि लावताना दीडशे वर्षांचा हिशेब कागदावर मांडून लावली. आजचा भाग त्या हिशेबाबद्दल आहे.

पण आधी आत तर जाऊ.

दक्षिणेकडून आत शिरलं की रुंद खडीची वाट लागते. थोडं चाललं की मोठी लाकडी कमान येते. या कमानीला जपानी भाषेत 'तोरी' म्हणतात. आपल्या 'तोरणा'शी या शब्दाचं नातं आहे का, यावर अभ्यासकांचा वाद जुना आहे, त्यात आपण पडायला नको. तोरीचा अर्थ एवढाच, की इथून पुढे देवाची हद्द. आत जाताना लोक किंचित वाकतात, आणि बाहेर पडतानाही मागे वळून वाकतात. मेइजी जिंगूची ही मोठी तोरी १२ मीटर उंच आहे. आधीची वीज पडून खराब झाली, म्हणून १९७५ मध्ये ही नवी उभारली. तिचं लाकूड तैवानच्या डोंगरातल्या, दीड हजार वर्षं वयाच्या एका झाडाचं.

वाटेत एका बाजूला साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची पिंपं रचलेली दिसतात. समोरच्या बाजूला फ्रान्सहून आलेली वाइनची पिंपं. तुम्ही पाहिलेल्या बहुतेक रील्स इथेच काढलेल्या असतात. पिंपं रिकामी असतात, अर्पण म्हणून मांडलेली. वाइन का, तर ज्या सम्राटाच्या नावानं हे देवस्थान आहे, त्याच्या काळात जपाननं पाश्चात्त्य कपडे, जेवण, रेल्वे, टपाल सगळं झपाट्यानं आपलंसं केलं, आणि त्याला स्वतःलाही वाइन आवडायची म्हणतात.

हो, इथला देव म्हणजे सम्राट मेइजी आणि त्याची राणी शोकेन. शिंतो परंपरेत 'कामी' ही कल्पना फार ऐसपैस आहे. डोंगर, धबधबा, जुनं झाड, पूर्वज, थोर माणूस, कोणातही कामी असू शकतो. सम्राट १९१२ मध्ये गेला, राणी १९१४ मध्ये. त्यांची समाधी क्योतोला आहे. टोकियोकरांना मात्र आपल्या शहरात काहीतरी हवं होतं, म्हणून १ नोव्हेंबर १९२० रोजी हे देवस्थान उभं राहिलं.

दर्शनाची रीत सोपी आहे. पाण्याच्या कुंडाशी हात धुवायचे, तोंड खळखळायचं. मुख्य देवळासमोर पेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, मनातलं मागायचं, पुन्हा एकदा वाकायचं. आत मूर्ती दिसत नाही, प्रसाद नाही, घंटा नाही. आपल्याकडच्या देवळांची सवय असेल तर दोन मिनिटांत 'झालं?' असं वाटतं. माझ्या मते इथलं दर्शन देवळासमोरच्या दोन मिनिटांत नाहीच. ते देवळापर्यंतच्या वाटेत आहे. त्या खडीनं पावलं आपोआप मंदावतात, झाडांची छत्री डोक्यावर मिटत जाते, आणि गाड्यांचा आवाज कधी थांबला ते कळत नाही. ही सगळी रचना आहे. कोणीतरी ती ठरवलेली आहे.

आता ठरवणाऱ्यांकडे येऊ.

साल १९१५. जागा योयोगी. पूर्वी सरदारांची मालमत्ता, मग राजघराण्याची. एका कोपऱ्यात बाग होती आणि थोडी जुनी झाडी होती, बाकी बहुतेक शेतं आणि गवताळ माळ. बाजूनं कोळशाची इंजिनं धूर ओकत जायची. इथे देवस्थान बांधायचं म्हणजे आधी रान हवं, कारण रानाशिवाय देवस्थान ही कल्पनाच जपानी माणसाला पटत नाही. गावोगावच्या देवळांभोवतीच्या रानाला तिथे स्वतंत्र शब्द आहे, 'चिंजू नो मोरी', म्हणजे रक्षक देवाचं रान. आपल्याकडच्या देवराईचं हे दूरचं भावंडच म्हणा.

कामाला तीन माणसं होती. होंडा सेइरोकू हे टोकियो विद्यापीठातले वनशास्त्राचे प्राध्यापक. ते जर्मनीत शिकून आले होते, आणि टोकियोतली प्रसिद्ध हिबिया बाग त्यांनीच आखली होती. दुसरे होंगो ताकानोरी, होंडांचे विद्यार्थी. तिसरे उएहारा केइजी, विशीतला पोरगा, तोही त्यांचाच विद्यार्थी. आणि त्यांच्या विरोधात कोण, तर देशाचे पंतप्रधान ओकुमा शिगेनोबू!

ओकुमांचं म्हणणं होतं की सम्राटाच्या देवस्थानाला शोभतील अशी झाडं हवीत: सुगी, म्हणजे जपानी सीडर. उंच, सरळ, खांबासारखी. इसे आणि निक्कोच्या प्रसिद्ध देवस्थानांत तशीच आहेत. होंडांना लावायचे होते सदाहरित रुंद पानांचे वृक्ष: ओकच्या जातीचा काशी, चेस्टनटच्या घराण्यातला शिई, आणि कापराचं झाड कुसू. ओकुमांना हे ऐकून राग आला. त्यांच्या मते ही देवस्थानाची झाडं नव्हेत, हे झुडपांचं रान.

होंडांनी पंतप्रधानांसमोर भाषण केलं नाही, झाडांच्या वाढीचे आकडे ठेवले. निक्कोतल्या सुगीची वाढ किती, आणि टोकियोतल्या सुगीची किती. सुगीला ओलावा लागतो, डोंगरातलं धुकं लागतं. टोकियोची माती कोरडी, आणि वरून इंजिनांचा, कारखान्यांचा धूर. इथे सुगी लावली तर ती जगेल, पण खुरटत जगेल, आणि पुढे मरेल. ज्या झाडांना ओकुमा झुडपं म्हणत होते, तीच या मातीची मूळची होती. माणसानं हात लावला नसता तर टोकियोत आपोआप जे रान उभं राहिलं असतं, ते त्याच झाडांचं. शेवटी ओकुमांनी माघार घेतली.

मला हा प्रसंग फार आवडतो, पण त्यात शूर शास्त्रज्ञ आणि अडाणी पुढारी असं चित्र बघू नका. ओकुमांच्या डोळ्यांसमोर एक सुंदर चित्र होतं, आणि ते खरंच सुंदर आहे. प्रश्न एवढाच होता, की ते चित्र या जमिनीवर उमटेल का.

बरं, मग लगेच काशी आणि शिईची रोपं लावली का? तर नाही. इथे खरी गंमत आहे. १ नोव्हेंबरला उद्घाटन, लोक येणार, आणि देवळाभोवती गुडघ्याएवढी रोपं? चालणार नाही. म्हणून त्यांनी रान थरांनी लावलं. सगळ्यात वर जागेवर आधीच असलेले मोठे पाइन. त्याखाली हिनोकी, सावारा असे भराभर वाढणारे सूचिपर्णी. त्याखाली, सावलीत, भविष्यातले मालक: काशी, शिई, कुसू. आणि अगदी खाली झुडपं.

होंगोंनी लिहून ठेवलेल्या आराखड्यात या रानाच्या चार अवस्थांची चित्रं आहेत. लावल्यावरची, मग साधारण पन्नास वर्षांनंतरची, मग शंभर, मग दीडशे. पहिल्या चित्रात पाइनचा रुबाब. दुसऱ्यात पाइन मागे पडलेत, सूचिपर्णी वर आलेत. तिसऱ्यात खालून रुंद पानांचे वृक्ष त्यांना गाठतायत. चौथ्यात सगळं छत काशी, शिई आणि कुसूचं. म्हणजे पहिल्या दिवशी दिसणारी झाडं ही मरण्यासाठीच लावलेली होती. ती सावली देणार, वारा अडवणार, पानं गाळून माती करणार आणि वेळ आली की जागा सोडणार.

दीडशे वर्षं म्हणजे २०७०. होंडा तेव्हा पन्नाशीला टेकलेले होते, ते १९५२ मध्ये गेले. उएहारा १९८१ पर्यंत जगले, म्हणजे साठ वर्षांचं रान त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

झाडं आली कुठून? मागून. देशभरातून सुमारे १ लाख झाडं लोकांनी भेट दिली. टोकियोतल्या शाळकरी पोरांनीसुद्धा दिली. तैवान आणि कोरियातूनही झाडं आली. ते देश तेव्हा जपानच्या ताब्यात होते हेही लक्षात असू द्या. एकूण ३६५ जाती. लावायला गावोगावच्या तरुण मंडळांनी श्रमदान केलं, त्याची बेरीज १ लाख १० हजार माणसांपर्यंत जाते.

आणि मग एक नियम झाला: आता काही करायचं नाही.

रानात कोणी शिरायचं नाही. पडलेलं झाड उचलून न्यायचं नाही. खत नाही, छाटणी नाही, पालापाचोळा बाहेर काढायचा नाही. तुम्ही सकाळी गेलात तर वाटेवर लांबलचक झाडू घेतलेली माणसं दिसतील. त्यांना तिथे प्रेमानं 'हाकियासान' म्हणतात, म्हणजे झाडूवाले काका. मी एका काकांना बराच वेळ पाहत उभा होतो. झाडू मारण्यात घाई नाही, एकसारखी सरसर. खडीवरची पानं एका कडेला, मग ढीग, आणि मग तो ढीग कचऱ्याच्या गाडीत नाही, तर बाजूच्या झाडांखाली. जे रानातून गळलं ते रानात परत. शंभर वर्षं रोज.

आता एक आकडा सांगतो, जो ऐकून तुम्ही थबकाल. सुरुवातीला, जागेवरची आधीची धरून, रानात सुमारे १ लाख २० हजार झाडं होती. शताब्दीच्या निमित्तानं २०११ ते २०१३ या काळात शास्त्रज्ञांनी मोजदाद केली. तेव्हा निघाली सुमारे ३६ हजार. झाडांच्या जातीही ३६५ वरून २३४ वर आल्या. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त झाडं गेली. कोणत्याही खात्याच्या वार्षिक अहवालात हे अपयश ठरलं असतं! पण हे रान कमी झालेलं नाही, भरलेलं आहे. जी टिकली ती अवाढव्य झाली, ज्यांना टोकियो मानवलं नाही ती मातीत गेली. त्याच पाहणीत पक्षी, किडे, बुरशी, शेवाळं सगळं धरून जवळपास ३ हजार प्रकारचे जीव सापडले. ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी इथे घरटं करतो. रुंद पानांचे वृक्ष तर आराखड्यातल्या अंदाजापेक्षा लवकर वर आले.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बफेकीत मुख्य देऊळ जळालं. आज दिसतं ते १९५८ मध्ये पुन्हा बांधलेलं. रान मात्र बहुतांश तगलं. पाण्यानं भरलेली जाड हिरवी पानं सहज पेटत नाहीत. सुगीचं रान असतं तर काय झालं असतं, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता जरा कडू भाग.

ज्या वर्षांत सरकार राजधानीत नवं पवित्र रान लावत होतं, त्याच वर्षांत तेच सरकार गावोगावची जुनी पवित्र रानं तोडू देत होतं. १९०६ मध्ये हुकूम निघाला, की छोटी देवस्थानं बंद करून शक्यतो एका गावात एकच ठेवायचं. कारण शिंतो धर्म आता सरकारच्या हाताखाली होता, आणि पैसा, पुजारी, शिस्त सगळं मोजक्या ठिकाणी आणायचं होतं. सुमारे २ लाख देवस्थानांपैकी ७० हजारांच्या आसपास बंद झाली. देव शेजारच्या गावी हलवला की मागे राहिलेलं रान हे नुसतं लाकूड. ते विकलं गेलं. शतकानुशतकं कोणी फांदी न तोडलेले कापराचे वृक्ष तोडले गेले.

याविरुद्ध एक माणूस उभा राहिला: वाकायामाचे मिनाकाता कुमागुसू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं वाचन केलेला, 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात लिहिणारा, आणि ओल्या लाकडावर वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांवर जीव टाकणारा एक विक्षिप्त विद्वान. त्यांनी वर्तमानपत्रांत लिहिलं, अधिकाऱ्यांशी भांडण घेतलं, १९१० मध्ये १८ दिवस तुरुंगातही गेले. १९११ मध्ये राज्यपालांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी 'इकॉलॉजी' हा शब्द वापरला. जपानमध्ये तो तेव्हा फारसा कोणाच्या कानावरही नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं: देव हलवता येतो, रान हलवता येत नाही. १९२० मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहानं हे एकत्रीकरण निरुपयोगी असल्याचा ठराव केला. मेइजी जिंगूचं उद्घाटन त्याच वर्षीचं.

मिनाकातांची गोष्ट डोक्यात ठेवून त्या खडीवरून चाललं की ही शांतता थोडी वेगळी वाटते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण कोणतं रान पवित्र ठरतं आणि कोणतं लाकूड, हे बऱ्याचदा रानाबाहेरची माणसं ठरवतात.

आणि हे जुन्या काळापुरतं नाही. मेइजी जिंगूचा एक बाहेरचा भागही आहे, 'गाइएन', म्हणजे बाह्य उद्यान. ते १९२६ मध्ये पूर्ण झालं. शरदात पिवळीधमक होणारी गिंकोंची रांग तुम्ही फोटोत नक्की पाहिली असेल, ती तिथली. तिथलंच बेसबॉलचं जुनं मैदान पाडून नवं बांधायचं, शेजारी उंच इमारती उभ्या करायच्या, अशी योजना आली, आणि त्यासाठी शेकडो झाडं तोडायची ठरली. संगीतकार साकामोतो र्युइची यांनी मार्च २०२३ मध्ये, शेवटच्या आजारपणात, टोकियोच्या राज्यपालांना पत्र लिहून विरोध कळवला. त्याच महिन्यात ते गेले. लेखक हारुकी मुराकामीही विरोधात बोलले. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये तोड सुरू झाली.

यात देवस्थानाची बाजू काय? बरीचशी जमीन देवस्थानाचीच आहे, आणि आतलं रान सांभाळायचा खर्च बाहेरच्या भागातल्या मैदानांच्या उत्पन्नातून निघतो. दर्शन फुकट आहे, सरकारी पैसा घटनेनं बंद आहे. म्हणजे आतलं रान जपायला बाहेरची झाडं. मला हा सौदा पटत नाही. पण रोज पानं झाडणाऱ्या काकांचा पगार कुठून येतो, हा प्रश्न मी उडवून लावणार नाही.

या रानाचा आपल्याशी एक थेट धागाही आहे. मुंबईत, पुण्यात 'मियावाकी जंगल' अशी पाटी पाहिली असेल. अकिरा मियावाकी (१९२८ ते २०२१) या वनस्पतिशास्त्रज्ञानं ही पद्धत उभी केली ती जपानी देवळांभोवतीच्या रानांचा अभ्यास करून. त्या त्या मातीची मूळची झाडं शोधा, दाट लावा, दोन-तीन वर्षं सांभाळा, मग सोडून द्या. मुंबई महापालिकेनं गेल्या काही वर्षांत अशी बरीच छोटी रानं लावली आहेत. पाटीवर झाडांची संख्या मोठ्या अक्षरांत असते. माझं लक्ष मात्र आता होंडांच्या प्रश्नाकडे जातं: ही झाडं इथलीच आहेत का? पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी हिरवाई म्हणून परदेशी गिरिपुष्प भरपूर लावलं गेलं. दख्खनच्या कोरड्या माळावर तर मुळात गवताचंच राज्य. तिथे दाट रान लावणं म्हणजे होंडांचं नाव घेऊन ओकुमांचा हट्ट चालवण्यासारखं आहे, असं इथले काही पर्यावरण अभ्यासक बजावतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. हाराजुकूच्या बाजूनं सगळे येतात. योयोगी स्टेशनकडून उत्तरेच्या किंवा सांगूबाशी स्टेशनकडून पश्चिमेच्या वाटेनं आलात तर माणसं कमी भेटतील. नवीन वर्षाचे पहिले तीन दिवस टाळा, तेव्हा ३० लाखांच्या आसपास लोक येतात. जूनमध्ये गेलात तर आतल्या जुन्या बागेत आयरिसची फुलं असतात. सम्राटानं ती राणीसाठी लावून घेतली होती. तिथे ५०० येन पडतात, देवळाचं दर्शन फुकट. मुख्य देवळासमोर फोटो काढायला मनाई आहे. अंगणात दोन मोठे कुसू आहेत, दोरानं एकत्र बांधलेले, 'नवरा-बायको' म्हणून ओळखले जाणारे. तेही १९२० च्या लागवडीतलेच. त्यांच्या बुंध्याकडे बघा, म्हणजे शंभर वर्षांत झाड किती होतं ते कळेल.

चिठ्ठी काढलीत तर तिच्यात 'शुभ-अशुभ' येणार नाही. इथल्या चिठ्ठीत सम्राटाची किंवा राणीची एक छोटी कविता असते, इंग्रजीतही मिळते.

देवस्थान सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं, त्यामुळे वेळ दर महिन्याला बदलते. जाण्याआधी त्या महिन्याची वेळ बघून ठेवा. जमलं तर उघडल्या उघडल्या जा, झाडू तेव्हाच सुरू झालेला असतो.